शाळेबाहेरचं बाकडं

प्रिय आप्पा,

आज गौरीच्या शाळेतल्या बाई वडगावला घरी येऊन गेल्या, म्हणून लिहायला बसलोय. दुसऱ्या कुणाला सांगू? घोळ मी घातला आणि तोही तुमच्या नावानं.

तुमची नात डाउन सिंड्रोमची आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी तोंड लपवत फिरलो. तुम्ही मात्र विणायचा माग माझ्यावर सोपवून तिला रोज अनगोळच्या विशेष मुलांच्या शाळेत नेलंत. शाळा सुटेपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचात. बाई घरी जा म्हणायच्या, पण तुम्ही कधी कुणाचं ऐकलंत का!

मग लॉकडाऊन लागलं. शाळा बंद, माग बंद. पोरगी सकाळी दप्तर अडकवून दारात उभी! मोबाइलवर वर्ग सुरू झाले, तर ती मोबाइल उलटा करून बाईंना मागं शोधायची. शेवटी तुम्हीच तिला मागापाशी बसवून कांडीवर सूत गुंडाळायला शिकवलंत. कांडी भरली की ती टाळी मागायची.

आणि दुसऱ्या लाटेत तुम्ही गेलात. तुम्हाला घरीही आणू दिलं नाही. ती विचारत राहिली, "आप्पा कुठं?" माझी जीभ रेटेना हो. म्हणालो, "आप्पा शाळा उघडाय गेल्यात." तेवढं ऐकून ती जेवली. मला वाटलं, विसरेल हळूहळू.

विसरली, पण भलतंच. कांडी भरणं, गुंड्या लावणं, दहापर्यंतचे आकडे, सगळं गेलं. तुम्हाला तेवढं विसरली नाही. शाळा उघडली त्या दिवशी धावत सुटली आणि बाकडं रिकामं बघून तिथंच बसली. वर्षं झाली, अजून तिथंच बसते. ओढून आत नेलं तर जमिनीवर अंग टाकते. मी शेजारी बसतो, पण जवळ सरकलो की ढकलते. मधली जागा तुमची.

आज बाई मला म्हणाल्या, "अण्णा, पोरगी मोठी व्हाय लागलीया. यंदा बी आत आली न्हाय तर जागा दुसऱ्याला द्यावी लागंल." त्यांचं तरी काय चुकलं? तुम्ही असता तर नुसतं बोट धरून नेलं असतं. एवढी कसली घाई होती, आप्पा?

उद्या तिला खरं सांगणार. शब्द देतो. कसं सांगायचं ते ठाऊक नाही. मरण तिला कळतं की नाही, तेही ठाऊक नाही. ऐकूनही ती उठली नाही, तर मीही उठणार नाही. बसेन तिच्यासोबत, मधे तुमची जागा सोडून.

तुमचा,
शिवा