कार्ड काढल्यावर

३ ऑगस्ट, रवि.
ऑफिसातल्या सुरेखाने तिचा जुना डिजिटल कॅमेरा दिला. माझ्या लेकीला, श्रेयाला, हवा होता. कॉलेजच्या पोरींना हल्ली मोबाइलपेक्षा असलेच जुने कॅमेरे आवडतात म्हणे. सु. म्हणाली, "कपाटात पडून होता. माहितीचं पुस्तक तेवढं हरवलं बघ." पुस्तकाशिवाय काय कळणार कपाळ. श्रेया बॅटरी चार्जिंगला लावून पळाली. कॅमेरा तिचा, डोकेफोड माझी.

५ ऑगस्ट, मंगळ.
चालू झाला. फुलाचं चित्र असलेलं बटण दाबून कुंडीतल्या जास्वंदीचा फोटो काढला, झकास. मग ह्यांचा काढला तर सगळा धूसर. फूल म्हणजे अगदी जवळच्या वस्तूसाठी, हे बरेच फोटो वाया गेल्यावर उमगलं. हे म्हणाले, "माझा चेहराच तसा आहे, कॅमेऱ्याला कशाला बोलतेस?"
ऑफिसात सु.ला सांगितलं, पोट धरून हसली. माझं भरलं वांगं नेहमीसारखं तिनेच संपवलं. आबिड्स भागातल्या ह्या ऑफिसात लागल्यापासून आमचा डबा एकच. मी बौद्ध, ती मराठा. आमच्या टेबलावर ते कधी आलं नाही.

९ ऑगस्ट, शनि.
श्रेयाने कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. मी कॅमेऱ्याचं त्रिकोणाचं बटण सहज दाबलं, तर भलतेच फोटो. श्रेया म्हणे, "मम्मी, कार्ड नसलं तरी त्याची स्वतःची थोडी मेमरी असते." सु.ने कार्ड पुसून दिलं होतं. पोटातलं राहिलं.
तिच्या विद्यानगरच्या घराची वास्तुशांत. होम, कलश, सु. हिरव्या शालूत. हॉलमध्ये पंगत: आमचे तेलुगू रावसाहेब, नसीम, कॅशियर, शिपाई यादगिरीसुद्धा. अख्खं ऑफिस, मी सोडून. नसीम चालते.
मला म्हणाली होती, "घरचेच चौघं होतो गं." आठवड्याने आम्हा दोघांना वेगळं जेवायला बोलावलं. केवढा मान वाटला होता मला. आज त्याचीच लाज वाटते, आणि चीड.

११ ऑगस्ट, सोम.
रावसाहेबांना जिन्यात गाठलं. "वो तो बहुत पुरानी बात है मॅडम. आप गाँव गए, बोले सुरेखा मॅडम."
मी कुठंही गेले नव्हते. इथेच मलकपेठेत, आमच्या घरात होते. म्हणजे एक थाप मला, एक त्यांना. बाकीच्यांवर दोन दिवस उगाच जळत होते.
डबा उघडला नाही, पोट बरं नाही म्हटलं. सु. लगबगीने ताक घेऊन आली. चांगलं होतं. त्याचाच जास्त राग आला.

१४ ऑगस्ट, गुरु.
सु.ला दाखवला फोटो. तिने कॅमेरा बंद करून टेबलावर ठेवला.
"सासूबाई होत्या तेव्हा. भरल्या पंगतीतून उठल्या असत्या. तुझा अपमान नको म्हणून..."
"मग तेव्हाच सांगायचं. मी आलेच नसते."
"सांगायला तोंड नव्हतं गं."
रोज माझ्या डब्याला होतं. हे मात्र बोलले नाही, गिळलं. सासू जाऊनही वर्षं झाली. त्यानंतर सांगायला कोण आडवं आलं होतं?

१७ ऑगस्ट, रवि.
सकाळी सु.चा फोन. मुलाचं लग्न ठरलं. "सगळ्यात आधी तुला सांगतेय. साखरपुड्यात सुनेची ओटी पहिली तू भरायची."
ओटी आमच्यात नसते, तिला ठाऊक आहे. पण तिच्याकडे ह्याहून मोठा मान नाही, हे मलाही ठाऊक आहे. तिच्या मागे तिच्या जाऊबाईंचा आवाज येत होता, कुणाला तरी पाहुण्यांची नावं सांगत होत्या.
म्हटलं, "हेच आत्ता जाऊबाईंना मोठ्याने सांग. मी ऐकते."
"थांब," म्हणाली.
मी फोन कानाला धरून बसले. जाऊबाई बोलतच होत्या. सु.चा आवाज काही आला नाही. मग फोन कटला की तिने ठेवला, कळलं नाही.
मी परत लावलेला नाही. तिचाही आलेला नाही, अजून तरी.