तीस बुड्यांचा कोर्स

५ मार्च, सकाळ.
डाव्या अंगठ्याचं इन्फेक्शन हाडापर्यंत गेलंय. शुगर साडेतीनशे. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं, ड्रेसिंग आणि जोडीला ऑक्सिजनची तीस सेशन्स, नाहीतर अंगठा जाईल. बायको रडली. तिला म्हटलं, अगं, तीस वर्षं हेडमास्तर होतो, एक दिवस रजा नाही. तीस सेशन्स म्हणजे किस झाड की पत्ती!

६ मार्च.
काचेची नळी, आत मी आडवा. दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन, दीड तास. पाण्यात खोल गेल्यासारखे कान दडपतात, म्हणून टेक्निशियन सेशनला 'बुडी' म्हणतो. आवंढा गिळत राहा म्हणाला. गिळला. मजेत झालं. दोनदा काच ठोकली, ती आपली सहज.

७ मार्च.
केसांना तेल चालत नाही म्हणे, आत आग लागू शकते. डोकं धुवायला लावलं. तेलाशिवाय माझी टकलावरची बट अँटेनासारखी उभी राहते. नर्स हसली. असो. दुसरी बुडी पार.

९ मार्च.
चौथी. मध्येच बाहेर काढा म्हणून ओरडलो. कान दुखले, बाकी काही नाही. घाबरलो वगैरे मुळीच नाही.

१० मार्च.
आजची बुडी बुडवली. कानांना विश्रांती हवी. हॉस्पिटलसमोरच्या बागेत दीड तास बसलो. मोकळ्या हवेतही ऑक्सिजन असतोच, शास्त्र मीच शिकवलंय. घरी बायकोने विचारलं, झाली का? झाली म्हटलं. शाळा बुडवणाऱ्या पोरांना मी अंगठे धरून उभं करायचो. लाज वाटली. उद्यापासून नक्की.

१९ मार्च.
आजही बागेतल्या बाकावरच. बायको रोज कॅलेंडरवर फुली मारते. तिच्याकडे बघवत नाही. पायाला वास येतोय म्हणाली. मलमाचा असेल. उद्या सहाला उठून पहिला नंबर लावणार.

२० मार्च.
उठायला उशीर झाला.

२६ मार्च, दुपार.
ताप. अंगठा काळा. टेक्निशियनचा फोन बायकोने घेतला. काका चारदा येऊन गायबच झाले, बरे आहेत ना, असं विचारत होता. तिने फोन ठेवला आणि रिक्षा बोलावली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० मार्च, हॉस्पिटल.
अंगठा काढला. साडू भेटायला आले. त्यांच्याही टाचेची जखम चिघळलीय, त्यांनाही हाच कोर्स सांगितलाय. बायकोने त्यांना सांगितलं, हे रोज न चुकता जात होते, पण गुणच आला नाही. माझी अब्रू झाकली तिने. मी डोळे मिटून पडून राहिलो.

मग साडू म्हणाले, असं असेल तर आपणही नाही जात, उगाच कशाला त्या नळीत कोंडून घ्यायचं?

आता मात्र बोलावंच लागलं. मी चारदाच गेलो, भ्यालो, आणि घरी खोटं बोललो, असं सांगितलं. बायको पाण्याची बाटली भरून आणते म्हणून बाहेर गेली. बाटली भरलेलीच होती.