नाना समाधानभावजींकडे आहेत

पिंपळनेरला सकाळी दहाला लाइट गेली, तेव्हा मेघाने सासऱ्यांच्या ऑक्सिजन मशीनसाठी पडवीतला डिझेल जनरेटर सुरू केला. वारा उलटा होता. धूर थेट खोलीत शिरला आणि नानांचे ओठ निळे पडले. नवरा, ललित, साक्रीला गेलेला, फोन लागेना. शेवटी तिने शेजारी राहणाऱ्या दिराला हाक मारली. वाटण्या झाल्यापासून तीन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

तासाभराने नानांची औषधं न्यायला ती धावत घरी आली आणि उभ्याउभ्याच चिठ्ठी लिहू लागली.

"अहो, नाना समाधानभावजींकडे आहेत. डॉक्टर बघून गेले, आता बरं आहे. जनरेटर परत लावू नका, त्याच्या धुरानेच सगळं झालं. भावजींच्या गच्चीवर सोलर आहे, घरात बॅटरी आहे. लाइट नसली तरी मशीन चालू आहे आणि खोलीत धूर नाही. मागच्या वर्षी मी सोलरचं काढलं, तर तुम्ही म्हणालात, 'त्याने बसवलं म्हणून आपण बसवायचं का?' आज त्यावरून भांडत नाही. भावजींनी नानांना पाठीवर घेऊन नेलं. काही विचारलं नाही. नाना तुम्हाला तिकडेच बोलावताहेत, म्हणताहेत, 'ललितले आठेच बलाव.' तुमचं जेवण तिकडेच आहे. जमलं तर या."

तिने वाचून पाहिलं. 'जमलं तर' एवढं खोडलं आणि चिठ्ठी दाराच्या कडीत अडकवून ती निघाली.