सुधारू नये अशी सही

मंगळवार, ११ मार्च २०२५

आधी या वहीची माफी मागते. कॉलेजपासून रोज लिहीत आले आणि मग सोळा महिने एकही ओळ नाही. आळस नव्हता. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला. म्हणजे जागेवर आहे, पण कामाचा नाही. आता डाव्याने लिहिते आहे आणि पहिलेच लिहिते आहे ते मृत्युपत्र. घाबरण्यासारखे काही नाही, डॉक्टरांच्या मते तब्येत ठणठणीत आहे. रोज दहाच ओळी लिहायच्या असा नियम असल्यामुळे हे पुरे व्हायला आठवडाभर तरी लागेल.

तर, मी, वय सत्तेचाळीस, व्यवसायाने मुद्रितशोधक, अविवाहित, पूर्ण शुद्धीत असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. ‘स्वतःच्या हाताने’ हे शब्द लोक रीत म्हणून लिहितात. मी मोजूनमापून लिहिते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, सर्व माझ्या कमाईचे व माझ्या नावावरचे, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. वाटणी करू नये. बँकेतल्या ठेवीही तिच्याच. ती बालवाडीत शिकवते, बारा वर्षे माझ्यासोबत राहते आणि मला न विचारता भिंतींना खिळे ठोकते. माझ्यामागे तिला या दारातून कोणी बाहेर काढू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

भीती उगाच नव्हती. मी दवाखान्यात असताना तिसऱ्या दिवशी दादा, म्हणजे आमचा थोरला भाऊ, टाइप केलेला कागद आणि शाईचा पॅड घेऊन आला.

“घराचं सगळं माझ्याकडे असू दे. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. फक्त अंगठा उठव.”

त्याने माझा अंगठा धरला होता. मला ते दिसत होते, जाणवत नव्हते.

“सही करीन,” मी म्हटले.

“कुठल्या हाताने?”

“शिकून करीन.”

“मग झालंच,” दादा म्हणाला.

धाकटीने पॅडचे झाकण लावले आणि तो आपल्या पिशवीत टाकला.

कलम २. कित्त्याच्या अकरा वह्या. धाकटीने त्या रद्दीत द्याव्यात, बालवाडीत दाखवत फिरू नये. उभ्या रेघा, तिरप्या रेघा, अर्धगोल, मग अक्षरे. सकाळचा चहा झाला की त्याच खुर्चीत बसून दहा ओळी. पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा करून एका दिवसात चार पाने भरली आणि पुढचे पाच दिवस वहीकडे बघितले नाही. त्यानंतर दहावी ओळ झाली की धाकटी हातातली पेन्सिलच काढून घ्यायची.

“अगं, आत्ता कुठे जमायला लागलंय!”

“म्हणूनच. जमतंय तोवर उठायचं, ताई. माझी पोरं रडत उठली की दुसऱ्या दिवशी येत नाहीत.”

“मी काय पोर आहे?”

“नाही ना. पोरं ऐकतात.”

कलम ३. बँकेच्या काउंटरवरच्या बाई. यांना माझा काचेचा पेपरवेट द्यायचे मनात होते. पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. म्हणून नुसते आभार, आणि ते का हे इथे नोंदवते.

अंगठाही कायद्याने चालतो, हे वकिलांनी प्रामाणिकपणे सांगितले होते. मला तो नको होता. मग ते म्हणाले, नवी सही आधी बँकेत नोंदवून घ्या, म्हणजे पुढे कोणी ‘ही तिची सहीच नव्हे’ म्हणणार नाही. मी चार वेळा गेले. चारही वेळा सही निराळी आली, एकीशी दुसरी जुळली नाही. चौथ्या वेळी बाईंनी सगळे फॉर्म काचेखालून माझ्यापुढे मांडले.

“मॅडम, तुमची सही दर खेपेला सुधारतेय.”

“मग चांगलंच की.”

“तुमचं चांगलं, माझी पंचाईत. मला मागच्या वेळेसारखी हवी. सुंदर कशाला करताय? रोजची करा.”

मी रागावून घरी आले. तेवीस वर्षे दुसऱ्यांच्या ओळी सुधारून पोट भरले, आणि ही बाई मला म्हणते सुधारू नका! पण खरे तेच होते. मी रोज सही करत नव्हते, रोज सही तपासत होते. आज वेलांटी सरळ, उद्या शेवटचे अक्षर ओळीवर. मग एक सही पक्की केली. तीत शेवटचे अक्षर पायरी चुकल्यासारखे खाली घसरते. तशीच ठेवली. रेडिओ लावून केली, धाकटीशी भांडत केली, वहीकडे न बघता केली. पाच-सहा आठवड्यांनी पार्सलवाला आला. दार पायाने अडवून, आत उतू जाणाऱ्या दुधाबद्दल ओरडत मी पावतीवर सही केली. तो जिना उतरून गेल्यावर लक्षात आले.

“अगं, मी सही केली!”

“कशी आली?”

“बघितलीच नाही!”

दूध गेले. पाचव्या खेपेला बाईंनी चष्मा वर करून बघितले, मग खाली करून बघितले आणि शिक्का मारला. मी बाहेर बाकावर बसले. सोळा महिन्यांत पहिल्यांदा खांदे खाली आले.

कलम ४. शब्दकोश, लाल पेनांचा डबा आणि तिरपे टेबल छापखान्यातल्या पुढच्या मुद्रितशोधकाला. सूचना: लेखकांशी वाद घालू नये. मी घातला. तेवीस वर्षांत दोनदा जिंकले.

कलम ५. दादा. वडिलांचा कॅमेरा आणि फोटोंचे सर्व आल्बम. शाईचा पॅडही त्याला परत द्यावा, असे मी काल लिहिले होते. आज खोडले. तो टाइप केलेला कागद मी कधी वाचलाच नाही. दादा दवाखान्यात चार दिवस लोखंडी स्टुलावर बसून होता, हेही खरे. त्याला घर हवे होते की माझी काळजी होती, मला माहीत नाही. माहीत नाही ते मृत्युपत्रात लिहू नये. घर मात्र धाकटीचेच.

कलम ६. या सगळ्याची अंमलबजावणी छापखान्याच्या मालकांनी करावी. त्यांनी ‘हो’ म्हटले आहे, जरा कुरकुरत.

आज, गुरुवारी, बँकेच्या बाई जेवणाच्या सुटीत आल्या आणि तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. डॉक्टरांनी विचारले, “शुद्धीवर आहात ना?” धाकटी आतून ओरडली, “आहे हो! सकाळपासून दोनदा भांडलीय!” दोघांच्या देखत मी सही केली. बाई वाकून बघत सवयीने म्हणाल्या, “जुळते.”

मृत्युपत्र करणार: (सही, डाव्या हाताची)
साक्षीदार: १. (सही) बँकेच्या बाई
२. (सही) दातांचे डॉक्टर
ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: २० मार्च २०२५

उद्याचे काम: दादाला फोन करणे. घराचे त्याला वकिलाकडून नको, माझ्या तोंडून कळू दे.