नदीपलीकडची सुपारी

४ मार्च १९९८
लिही, रेजिना पोरी, मला लिहिता येत नाही. मी सांगते तसंच लिही – माझं बोलणं धुऊन वाळत घालू नकोस. आमच्या बुगनविल बेटावरचं युद्ध थांबलंय म्हणे. खरंच थांबलं का, ते बघायला परदेशी माणसं आलीत. पिवळे सदरे, बंदुका नाहीत. त्यांतला फिजीचा सेरू रताळी दोनदा मागून खातो. म्हटलं, युद्ध थांबेल बाबा, तुझं पोट कोण थांबवणार?

६ मार्च
सेरूने विचारलं, आजी, तुमची तक्रार काय. तक्रार नाही. आमचं गाव सरकारच्या बाजूचं; माझ्या पोराला, इग्नसला, सहा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या बंडखोरांनी मारलं. हाडं हवीत. आमच्यात जमीन आईची, मेल्यावर मुलाने निजायचंही तिथेच.

भाऊ कापियान गावचा म्होरक्या. म्हणाला, ताई, जुनं कशाला उकरतेस. मामाच तो, त्यालाही जड जात असेल. मला रडू येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं.

९ मार्च
काही नाही. भात खाल्ला.

१२ मार्च
सेरूबरोबर पलीकडे गेले. सुपारी नेली – मारणाऱ्याच्या घरच्यांबरोबर चघळली की वैर मिटतं. ज्याने मारलं म्हणतात, त्याची आई कुरेया दारातच बसलेली. दोघींचे मिळून दात चार.

म्हटलं, "दात गेले, जीभ तरी आहे का?"
"तुला शिव्या द्यायला ठेवलीय."

सुपारी पुढे केली. तिने ती उचलून माझ्याच पिशवीत टाकली.

"ही मी खायची नाही. तुझा इग्नस आम्हाला हिवतापाच्या गोळ्या आणून द्यायचा. परत जाताना नदीवर तुमच्याच माणसांनी त्याला मारला. माझ्या पोराने फक्त पुरला."

"कोणाच्या सांगण्यावरून मारला?"

"तुझ्या भावाच्या. तो तिथे उभा होता."

सेरूने विचारलं, लिहू का. म्हटलं, थांब.

१३ मार्च
कुरेयाच्या पोराने जागा दाखवली. हाडं आणली. पिशवीत मावली. हलकी. रेजिना, लिहिताना रडू नकोस, कागद भिजतो.

१५ मार्च
भाच्याचा खड्डा मामाने खणायचा असतो. कापियानने खणला. माती लोटून झाल्यावर मी त्याच्या हातावर सुपारी ठेवली. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे. मग चघळली.

माझ्या वाटची सुपारी अजून माझ्या हातातच आहे.