ओरडणं वजा करून

४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मेल न करता कागदावर लिहितोय, कारण मेलवर माझा राग फार लवकर पोचतो, असं तुझ्या वहिनीचं म्हणणं.

आपल्या कंपायलरवर काम करायला येणाऱ्या नवख्यांसाठी तू केलेली मार्गदर्शिका सगळ्यांनी डोक्यावर घेतली आहे. अभिनंदन. झालं, लिहिलं एकदाचं! आता खरं सांगतो, माझा नुसता जळफळाट होतोय. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला समजेल असा करून देणारा हा कंपायलर आम्ही चौघांनी फुकट, हौसेने उभा केला, तेव्हा तू शाळेत होतीस. हातभार लावायला येणारा प्रत्येक जण आधी मला विचारायचा. मी करवादायचो, पण सांगायचो. आता काळं कुत्रंही विचारत नाही. सगळे तुझी पानं वाचतात आणि कामाला लागतात. सकाळी मशीनसमोर बसतो, कुणाचा निरोप नाही असं दिसलं की वहिनीवर खेकसतो.

रविवारच्या बैठकीत मी या कामाला रामराम ठोकणार आहे. तुमचं चालू द्या.

खोकल्याचं औषध घे. मायेत उणं नाही, राग वेगळा.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, धूरही पोचला. खोकला त्यानेच वाढला असावा.

ती मार्गदर्शिका तू उघडलीस तरी का? पैज लावते, नाही. अरे, त्यात माझं म्हणून फारसं काही नाहीच. इतकी वर्षं तू नवख्यांना चर्चेच्या पानावर दिलेली उत्तरं मी गोळा केली, ओळीने लावली आणि त्यातलं ओरडणं तेवढं काढलं. आधी चाचण्या चालव, हे ठेवलं. डोळे आहेत की बटणं, हे काढलं. निम्मंच उरलं, पण सोनं उरलं. पहिल्याच पानावर तुझं नाव आहे.

आणि हेवा तुलाच वाटतो असं समजू नकोस. गणित अडलं की घरातले सगळे तुझ्याकडे यायचे, मी शेजारीच बसलेली असायचे. अजून आठवलं की पोटात दुखतं. तू सोडून गेलास तर पुढची पानं मी कशातून काढू? रविवारी गप्प बस, एवढं ऐक.

वहिनीला नमस्कार. भांडण चालेल, अबोला नको.

तुझी,
धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद, वि. वि.

उघडली. वाचली. जळफळाट गेला असं समजू नकोस, उलट वाढलाय. तुझं बोलणं लोकांना आवडलं असतं, तर एक वेळ सोसलं असतं. माझंच बोलणं तुझ्या तोंडून गोड लागतं, हे जास्त झोंबतं. वहिनीला हे सांगितलं, तर तिने विचारलं, की धाकटीला इथेच राहायला बोलवू या का, आमचं लग्न झाल्यापासून तिला माझं ओरडणं गाळून देणारं असंच कुणीतरी हवं होतं.

रविवारी काही बोललो नाही.

काल एका नव्या मुलीने प्रश्न विचारला. तुझ्या पानांत नसलेला, आणि थेट मला! चूक एका ओळीत असताना कंपायलर भलत्याच ओळीकडे बोट का दाखवतो, असा. उत्तर लिहिलंय, पण तिला पाठवलेलं नाही, सोबत जोडलंय. ओरडणं दोनच ठिकाणी आहे. एक काढ. दुसरं राहू दे, नाहीतर तिला कळायचं नाही कोण बोलतंय.

लोभ आहेच, हेव्यासकट.

तुझा,
दादा