कोयत्यानं फाटलेलं सीट

रविवार, दिवेलागण

शहागंजातून सीट शिवून आणलं, तरी ती वीतभर चीर डोक्यातून जात नाही. खंडेनवमीला कोयता, विळे, पहार पाटावर मांडून पुजायचे, आबा होते तोवर असंच चालायचं. यंदा दादा पुण्याहून आला आणि कोयता थेट आबांच्या जुन्या अँबॅसेडरच्या सीटवर मांडला. का, तर फोटो चांगला येतो.

मी म्हटलं, "दादा, रेक्झिन फाटंल."

"काय होत नाय गं."

फोटो काढला, कोयता ओढला आणि चर्रकन चीर. तिथंच, जिथं आबा बसायचे. हा हात झटकून म्हणतो, "लई जुनं झालं होतं."

आज सीटवाले चाचा म्हणाले, "बाजी, ये रंग अब कहाँ मिलता." ठिगळ जरा गडदच बसलं. मला वाटलं, असू दे. गाडी कुठं जाणार आहे, घरातच राहणार. आबांच्या मागं तिला पुसतं कोण, मीच ना?

दुरुस्त सीटचा फोटो दादाला पाठवला, तर लगेच फोन.

"सुमे, ठिगळ कशाला लावलंस? गिऱ्हाइकाला पूजेचा फोटो दाखवलाय मी. त्यात सीट अख्खं आहे."

गिऱ्हाईक? मला आज कळतंय. म्हणजे कोयत्याला कुंकू लावताना, गाडीला हार घालताना याच्या मनात तेच होतं. आणि मी? फोटोत चमकावी म्हणून त्या दिवशी पहाटे उठून गाडी धुतली.